कंदील जळत होता

नारायणगावातल्या आमच्या महिला मंडळाने मला वैशाखात भाषणाला बोलावलं होतं. विषय होता, ‘उन्हाळ्यात आनंदी आणि निरोगी कसे राहावे’. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई रोज पहाटे कालव्यापर्यंत चालत जाऊन येते, जिना चढताना थांबत नाही, म्हणजे हिच्याजवळ काहीतरी गुपित असणारच, असा त्या बायकांचा अंदाज. मी सांगितलं, पन्हं प्या, सब्जा भिजत घाला, दुपारी डोक्यावर पदर घ्या आणि दिवसातून एकदा तरी कुणाशी पोट धरून हसा. टाळ्या पडल्या, नारळ मिळाला. खरं काय ते मी सांगितलं नाही. माझी छाती राजुरीतल्या एका विहिरीने घडवली आणि त्याच उन्हाळ्यात त्याच विहिरीने दुसऱ्या एकाचा श्वास घेतला, हे ओटीत नारळ घेऊन सांगण्यासारखं नव्हतं. मात्र घरी आल्यावर तो नारळ मला फोडवेना. शेवटी शेजारणीला देऊन टाकला.

तेराव्या वर्षापर्यंत मी आमच्या निरगुडसरच्या घरातलं दुखणं होते. मला दमा होता. आईने अडुळशाचा रस पाजला, छातीला मोहरीचं तेल चोळलं, कुणी सांगितलं म्हणून बोकडाचं काळीजसुद्धा खाऊ घातलं, पण रात्र झाली की माझ्या छातीत शिट्टी वाजायची ती वाजायचीच. सातवी झाली. पुढच्या शाळेला रोज लांब चालत जावं लागे. वडील आईला म्हणाले, “धापा टाकणाऱ्या पोरीला येवढं चालवायचं कुणी? ऱ्हाऊ दे घरीच.” ते रागाने बोलले असते तर मी भांडले तरी असते; ते काळजीने बोलले, आणि काळजीने बोललेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्या आठवड्यात मावशीचे यजमान, आप्पा, बाजाराला जाता जाता आमच्याकडे टेकले. ते म्हणाले, “आमच्याकडं धाडा उन्हाळाभर. ईर हाय. पवायला लागली की छाती रुंद व्हती. आमच्या घरात समदे पवत्यात, कुणाला दमा न्हाई.” आईने विचारलं, “पोरीच्या जातीनं पवायचं?” आप्पा हसून म्हणाले, “श्वासाला काय ठावं, पोरगी हाय का पोरगा?” वडिलांनी एवढंच सांगितलं की मृगाच्या आधी ही धापा न टाकता परत आली तर हिचं नाव घालू. माझी अख्खी शाळा अशी त्या विहिरीत जाऊन पडली.

मावशीचं राजुरीचं घर म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला बांधलेली एक म्हैस. मावशी तेव्हा फार तर अठ्ठावीस वर्षांची असेल. तिचा एकुलता एक वसंता पाच वर्षांचा. मी गेले त्या दिवशी तिने मासवड्या केल्या होत्या. माझ्या ताटात रस्सा वाढताना म्हणाली, “खा गं इंदे, तुझ्या अंगावर मांस न्हाई, दम तरी कुठं टिकंल?” त्या घरात सकाळपासून आवाज असत. जात्याचा आणि म्हशीचा तर होताच. आप्पा तोंड धुतानासुद्धा काहीतरी गुणगुणत आणि मावशी त्यांच्या आवाजाला नावं ठेवत चूल पेटवी. माझ्या घरी माझ्या दुखण्यामुळे सगळे हळू बोलत. इथे कुणी हळू बोलायचं नाव घेईना. पहिल्या चार दिवसांतच मला भूक लागायला लागली.

विहीर घराच्या मागे, बांधावर. निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या, तिथे एक रुंद टप्पा आणि त्याखाली पाणी. आप्पांनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला, कमरेला दोर लावला आणि मला पाण्यात ढकलून दिलं. मी बोंबलले. वर मावशी टप्प्यावर धुणं घेऊन बसली होती, ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. तिचं धुणं लवकर संपे, पण ती उठत नसे. पाय पाण्यात सोडून बसे, माझी फजिती बघे, लग्नाआधीच्या गमती सांगे. तासभर तिला कुणी हाक मारत नसे. आठव्या दिवशी भोपळा सुटला, दहाव्या दिवशी दोर सुटला. पाण्यात श्वास मोजून घ्यावा लागतो, मोजून सोडावा लागतो. माझ्या छातीला तेवढीच शिस्त हवी होती बहुधा. रात्रीची शिट्टी थांबली. दुपारी कैरी भाजून तिचं पन्हं, डोंगरातल्या बायांनी पाटीतून आणलेली करवंदं, रायवळ आंबे चोखून चोखून पिवळी झालेली कोपरं, संध्याकाळी विहीर. मी इतकी सुखी त्याआधी कधी नव्हते. नंतर झाले असेन, पण नंतरच्या प्रत्येक सुखात मी दाराकडे बघत बसले.

विहीर आप्पा आणि त्यांच्या भावकीतले तात्या अशी दोघांची मिळून होती. पाण्याच्या पाळ्या होत्या, दोन दिवस यांच्या, दोन दिवस त्यांच्या. तात्या जुन्या चालीचे. त्यांच्या दिवशी बैल आणि मोट. आप्पांनी मात्र डिझेलचं इंजीन घेतलं होतं, ते विहिरीच्या काठावर छपरात बसवलेलं असे. आमच्या पाळीला पहाटेपासून दुपारपर्यंत त्याची टुकटुक चाले आणि वसंता त्या तालावर अंगणात नाचे. जेठ लागला तसं पाणी खाली जायला लागलं. रोज एक एक दगड उघडा पडे; मावशी आता टप्प्यावरून त्या दगडांवर उतरून पाण्यात पाय सोडी. मग एके दिवशी पंप पाणी ओढेना. पाणी फार खोल गेलं की वरून ओढलं जात नाही. आप्पांनी चार माणसं बोलावली आणि इंजीन पायऱ्यांवरून उतरवून खाली टप्प्यावर नेऊन बसवलं, मावशी धुणं धुवायची त्याच टप्प्यावर. धूर वर जावा म्हणून त्याला पत्र्याचा पाइप जोडला. तो काठापर्यंत पोचेना, दोन माणसं उंचीचं अंतर राहिलं. “धूर काय, आपसूक वर जातू,” आप्पा म्हणाले.

तात्या काठावर उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “सदा, ईरीत चूल मांडलीस की रं.” आप्पांना ते लागलं. ते म्हणाले, “तात्या, मी काय येडा हाय का? उतरायच्या आधी कंदील सोडतू की.” आमच्याकडे कुठल्याही विहिरीत माणूस उतरायच्या आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायची रीत होती. कंदील विझला तर खाली हवा वाईट, उतरायचं नाही. जळत राहिला तर खुशाल उतरा. आप्पा घाईतसुद्धा ही रीत चुकवत नसत. इंजीन बंद झालं, धूर निवळला की कंदील सोडायचा, आणि हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मी दोर सोडायची, ते काठावरून विचारायचे, “जळतोय का गं?” मी म्हणायची, “जळतोय, आप्पा.” पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, एकतीस वर्षं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यात कंदील अगदी छान जळतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून दिलं. लिहिताना मुलांकडे पाठ असे, ते बरं होतं.

इंजीन खाली गेलं त्याच संध्याकाळी माझं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हतं, कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं, आणि मग उलटी. आप्पा म्हणाले, “ऊन बाधलं. दुपारची हिंडू नगंस, त्यापरीस थंडाव्याला ईरीत डुंबत जा.” मावशीने तळपायाला कांदा चोळला, भाजलेल्या कैरीचा गर अंगाला लावला, गुळाचं पाणी दिलं. सकाळी मी ठणठणीत. संध्याकाळी पुन्हा तेच. मग दोन दिवस काहीच नाही, आणि पुन्हा दोन दिवस डोकं. मावशी स्वतःही संध्याकाळी कपाळाला फडकं आवळून चुलीपुढे बसायला लागली. म्हणायची, लाकडं ओली, धुराने डोकं धरतं. आप्पांचंही डोकं चढे, ते तंबाखूला दोष देत आणि सोडायच्या शपथा घेत. तीन माणसं, तीन कारणं. एका संध्याकाळी माझ्या पायाला कांदा चोळता चोळता मावशी म्हणाली, “ऊन बी पाळीनं लागतंय का काय गं तुला? तात्याची पाळी असली की पोरगी टुणटुणीत!” आप्पा हसले, वसंता हसला, मीही हसले. मावशी हसली नाही. तिने कांदा ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “पवण्यानं तर धरत न्हाई ना डोकं? तसं असंल तर सांग, पवणं बंद करू.” मी ताबडतोब म्हणाले, “नाही मावशी, उन्हानंच.”

मला तेव्हाच कळलं होतं असं नाही, पण शंका आली होती. मी हुशार होते, हेच तर दुर्दैव. पुढच्या आमच्या पाळीला मी पोट दुखतंय म्हणून विहिरीवर गेले नाही. त्याऐवजी भर दुपारी, डोक्यावर काही न घेता, बांधाबांधाने जांभळं वेचत हिंडले. अंगाची लाही झाली, पण संध्याकाळी डोकं दुखलं नाही. म्हणजे ऊन नव्हतं. विहीरच होती, आणि तीसुद्धा इंजीन चाललेल्या दिवसाची विहीर. हे मला लख्ख कळलं, आणि मी ते गिळून टाकलं. सांगितलं असतं तर पोहणं बंद. पोहणं बंद तर शिट्टी परत, आणि मग शाळा नाही. मृगाला नऊ दिवस उरले होते. मी मनाशी म्हटलं, नऊ दिवसांनी काय बिघडतंय, डोकं माझंच तर दुखतंय. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विहिरीत उतरले आणि पाण्यात कमी वेळ राहायचं ठरवून जास्त वेळ राहिले.

ते घडलं तो दिवस आमच्या त्यापुढच्या पाळीचा दुसरा. वारा अजिबात नव्हता. कडुलिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं आणि म्हैस सकाळपासून उगीच दावं ओढत होती. उसाला शेवटच्या चार ओळी पाणी जायचं राहिलं होतं आणि संध्याकाळपासून तात्यांची पाळी लागणार होती. साधारण अकरा वाजता टुकटुक थांबली. एकदम इतकं शांत झालं की मावशी घरातून बाहेर आली. “डिझेल संपलं आसंल,” आप्पा म्हणाले आणि डबा घेऊन काठावर आले. धूर हळूहळू वर येत होता. थोडा वेळ ते थांबले, आभाळाकडे बघितलं, उसाकडे बघितलं. मग मला म्हणाले, “इंदे, सोड कंदील.”

मी कंदील सोडला. दोर हातातून सरकत होता आणि माझ्या तोंडात शब्द तयार होते. आप्पा, उतरू नका, इंजीन चाललं की खाली काहीतरी होतं. एवढंच म्हणायचं होतं. कंदील टप्प्यावर टेकला. भर दिवसा विहिरीच्या सावलीत ती ज्योत शांत, पिवळी दिसत होती. “जळतोय का गं?” आप्पांनी विचारलं. मी म्हणाले, “जळतोय, आप्पा.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांनी वर बघून काहीतरी गंमत केली, मला नीट ऐकू आली नाही. मग इंजिनाच्या टाकीचं झाकण वाजलं. बराच वेळ ते हँडल मारत राहिले. मग ते टप्प्यावर बसले, दमलेला माणूस बसतो तसे, भिंतीला पाठ लावून. कंदील त्यांच्या पायाशी जळत होता.

मावशीने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला तिने पदर खोचला आणि पायऱ्यांकडे धावली. तेव्हा माझं तोंड उघडलं. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि ओरडले, “जाऊ नको! डोकं त्यानंच दुखतंय! उन्हानं नाही, इंजीन चाललं की विहिरीनं दुखतंय! खाली जाशील तर तूही उठणार नाहीस!” तिने मला झिडकारलं, माझे केस धरले, मी सोडलं नाही. आरडाओरडा ऐकून तात्या आणि शेतावरची दोन माणसं धावत आली. तात्यांनी माझं बोलणं एकदाच ऐकलं आणि मावशीला बाजूला बसवलं. लिंबाच्या मोठाल्या फांद्या तोडून दोराला बांधल्या आणि विहिरीत वरखाली, वरखाली करून हवा ढवळली. खालच्या हवेला बाहेर काढायची ही त्यांची जुनी रीत. मग कमरेला दोर बांधून एकजण श्वास रोखून उतरला. आप्पांना वर आणलं तेव्हा मी बघितलं. चेहरा लालसर, टवटवीत होता, नुकते पोहून आल्यासारखा. एक म्हातारी म्हणाली, “ह्यो तर झोपलाय.” मावशी त्यांच्या गालाला हात लावून कितीतरी वेळ तेच म्हणत राहिली, “बघा की, तब्येत किती चांगली दिसतीया.”

दुपारीच मावशीने मला विचारलं, माणसांच्या गर्दीत, कोरड्या आवाजात. “तुला कवा कळलं गं?” मी म्हणाले, “आत्ता. तुला जाताना बघून.” हे मात्र साफ खोटं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मान हलवून जमलेल्यांना म्हणाली, “हिनं मला वाचवलं. माझ्या वसंताला आई ठेवली हिनं.” मृगाच्या आदल्या दिवशी वडील न्यायला आले. मी धापा न टाकता त्यांच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत गेले. त्यांनी माझं नाव शाळेत घातलं.

त्यानंतर साठ वर्षं मावशीने हे वाक्य सोडलं नाही. माझ्या लग्नात, वसंताच्या लग्नात, बारशात, दहाव्याला, जिथे चार माणसं जमतील तिथे मला जवळ ओढायची आणि म्हणायची, “हिनं मला वाचवलं.” नवीन सून घरात आली की तिची पहिली ओळख माझ्याशी, याच शब्दांत. मी मान खाली घालायची, लोकांना तो नम्रपणा वाटायचा. विहीर तात्यांच्या मुलांनी बुजवली, आता तिथे टोमॅटोच्या क्रेट रचलेल्या असतात आणि अंधार पडायच्या आत सगळे घरात येतात, बिबट्याच्या भीतीने. माझा नातू नारायणगावला निळ्या फरशीच्या टाकीत पोहायला शिकतो, डोळ्यांना चष्मा लावून. त्याला घेऊन गेले तर मी बाहेरच्या बाकावर बसते. आत त्या पाण्याचा आवाज घुमतो, तो मला सोसत नाही.

महिला मंडळाच्या त्या भाषणानंतर चार दिवसांनी मी राजुरीला गेले. मावशी एकोणनव्वद वर्षांची, अंगणात खाटेवर बसलेली, हात बारीक पण नजर पक्की. वसंताची सून आंब्याचा रस करायला आत गेली, जाता जाता मावशीने तिला ऐकवलंच, “हिनं मला वाचवलं व्हतं, ठावं हाय ना?” मला ते सहन झालं नाही. मी खाटेवर तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. जांभळं वेचत हिंडले ते, पोट दुखायचं नाटक, नऊ दिवस, कंदिलाचा दोर. म्हणाले, “मावशी, मला आधीच कळलं होतं. शाळेपायी मी बोलले नाही.” बोलता बोलता रडले. म्हातारपणी रडताना दम लागतो म्हणतात, मला तेवढाही लागला नाही.

मावशी म्हशीच्या रिकाम्या खुंट्याकडे बघत होती. मग म्हणाली, “ओली लाकडं कुठली आलीत गं, जेठाच्या महिन्यात?”

मला आधी समजलंच नाही. ती तशीच बसून हळू बोलत राहिली. “माझं बी डोकं दोनच दिस धरायचं. दोन दिस न्हाई. मला काय मोजता येत न्हाई व्हय? पर बोलले असते तर ह्यांनी मला ईरीवर धाडलं नसतं. धुणं वढ्यावर न्यावं लागलं असतं, समद्या बायांच्यात. तेवढा तासभर माझा व्हता इंदे. पाण्यात पाय सोडून बसायचा.” तिने माझा हात धरला. तिची पकड अजून घट्ट आहे. “म्हणून तर सांगत आले, तू वाचवलंस म्हणून. तुझं नाव घेतलं की लोक तुझ्याकडं बघत. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.”

सून रसाच्या दोन वाट्या घेऊन आली. दोघींचे डोळे बघून तिने विचारलं, “काय झालं आत्या, ऊन लागलं का?”

“व्हय,” मावशी म्हणाली. “दोघींना बी.”

आम्ही रस संपवला.